बाबांची तीन खाती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जानेवारी २०२६ मध्ये आपल्या सभागृहात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विचारलं, "ताई, मेळाव्यात कशावर बोलणार?" मी म्हटलं, "बँकेवर." ते खूश झाले. म्हणाले, "छान, गुंतवणुकीवर बोला." म्हटलं, "गुंतवणुकीवर नाही. घरातलं माणूस गेल्यावर बँकेत काय होतं, त्यावर बोलायचंय." ते जरा गप्पच झाले. पंचविशीचा आनंदाचा प्रसंग, आणि हा विषय. पण मंडळी, २००१ साली आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेच जण चाळिशी-पन्नाशीत होते. आज समोर बघते तर निम्म्या डोक्यांवर चांदी आहे. रौप्यमहोत्सव सोसायटीचा तसाच डोक्यांचाही. तेव्हा आपण आपसात बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

मी बँकेतली नाही, वकीलही नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे आज तुमच्यासमोर एक गणितच मांडणार आहे. माणूस एक, त्याची खाती तीन. तिन्ही खात्यांना मृत्यूचा दाखला तोच, बायको तीच, मुलं तीच. पण पहिल्या खात्याला लागले चार दिवस, दुसऱ्याला सतरा दिवस आणि तिसऱ्याला आठ महिने. हा फरक कशामुळे पडला, तेवढंच सांगायचं आहे.

माझे बाबा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिलंय. ए विंगच्या जिन्याखाली सायकल पुसत बसलेले असायचे. सत्त्याहत्तर वर्षांचे होते. राज्य सरकारच्या नोकरीतून २००३ मध्ये निवृत्त झाले. हिशेबाला अतिशय पक्के. दुधाची वही, लाइट बिलांची फाईल, सगळं तारीखवार. त्यामुळे आम्हाला वाटलं होतं की बँकेचं काम म्हणजे काही विशेष नाही, दोन चकरांत होईल.

पहिलं खातं होतं आपल्या जवळच्या सहकारी बँकेत. आई आणि बाबा दोघांच्या नावाने, आणि त्यावर तीन शब्द होते : आयदर ऑर सर्व्हायव्हर. म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा आणि एक गेला तर मागे राहील त्याला पैसे मिळावेत. आईने मृत्यूचा दाखला, आधार कार्ड आणि एक अर्ज दिला. चार दिवसांत बाबांचं नाव कमी झालं आणि खातं आईच्या एकटीच्या नावाने सुरू राहिलं. रक्कम फार नव्हती, बासष्ट हजार. पण पहिल्या चार महिन्यांचं घर त्या बासष्ट हजारांवर चाललं.

दुसऱ्या बँकेत बाबांच्या एकट्याच्या नावाने चार लाखांच्या ठेवी होत्या. पावतीवर आईचं नाव नॉमिनी म्हणून होतं. तिथे क्लेमचा फॉर्म भरला, दाखला दिला, आईची ओळख पटवली, मूळ पावत्या जमा केल्या. सतराव्या दिवशी पैसे आईच्या खात्यात. तिथल्या मॅनेजर बाईंनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फॉर्म स्वतः भरून घेतला. हे मुद्दाम सांगते, कारण बँक म्हटलं की फक्त तक्रारच ऐकू येते.

आता तिसरं खातं. हे बाबांचं पगाराचं खातं, १९७४ साली नोकरीच्या ऑफिसने उघडून दिलेलं. त्याच खात्यात पुढे पेन्शन येऊ लागली. त्यात सेव्हिंगचे आणि दोन मुदत ठेवींचे मिळून नऊ लाख चाळीस हजार. म्हणजे आयुष्यभराची मुख्य शिल्लक तिथेच. आणि या खात्यावर दुसरं नाव नाही, नॉमिनी नाही.

कुणी म्हणेल, इतक्या पक्क्या माणसाने नॉमिनी कसा लावला नाही? ऐका. आपल्या देशात बँकेतल्या ठेवींना नॉमिनी लावायची सोयच १९८५ मध्ये आली. बाबांनी खातं उघडलं त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. उघडताना फॉर्मवर तो रकानाच नव्हता. नंतर खातेपुस्तक बदललं, शाखा बदलली, संगणक आला, पण "तुमचा नॉमिनी कोण?" असं त्या काउंटरवर कुणी विचारलं नाही. दोन ठेवी त्याच खात्यातून काढल्या, त्याही तशाच. आपल्यापैकी ज्यांची खाती जुनी आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात घ्या. जुनं खातं म्हणजे भरवशाचं खातं असं आपण समजतो. कागदाच्या बाबतीत नेमकं उलट असू शकतं.

आईला घेऊन मी त्या शाखेत गेले. एकोणीस वर्षं दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला आई बाबांबरोबर तिथे जायची. पासबुक भरून होईपर्यंत खिडकीजवळच्या बाकावर बसायची. काउंटरवरच्या तरुण मुलाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "आजी, या खात्यात तुमचं नाव नाही." आई म्हणाली, "अरे, मी त्यांची बायको." तो म्हणाला, "हो, पण सिस्टीमला ते दिसत नाही ना."

तो मुलगा उद्धट नव्हता. खरं तेच सांगत होता. पण एक्कावन्न वर्षं संसार केलेल्या बाईला ते कसं लागलं असेल, तुम्ही समजू शकता. घरी येईपर्यंत ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "पोरांनो, तुम्ही द्याल, मला माहीत आहे. पण माझ्याच घरात मला कुणापुढे हात पसरायला लावू नका." आमचं सगळं काम त्या एका वाक्यासाठी होतं. नऊ लाख चाळीस हजारांपेक्षा ते वाक्य मोठं होतं.

आता बँक असं का करते, तेही बघू. नॉमिनी असला आणि बँकेने त्याला पैसे दिले, तर कायद्याने बँकेची जबाबदारी संपते. संयुक्त खात्यात मागे राहिलेल्याला दिले तरी तसंच. पण दोन्ही नसेल तर बँकेला भीती असते की आज या बाईंना पैसे दिले आणि उद्या दुसराच कुणी वारस म्हणून उभा राहिला, तर पुन्हा द्यावे लागतील. शिवाय ज्याने सही केली त्या अधिकाऱ्याच्या मागे ऑडिट लागेल. म्हणून तो कागद मागतो. एक कागद दिला की दुसरा मागतो. त्याला आपल्या नात्याबद्दल शंका असते असं नाही. त्याला स्वतःची सही जपायची असते. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा मी कामाला लावला.

पहिल्या भेटीत आम्हाला तोंडी सांगितलं गेलं, "कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा." म्हणजे वारसा प्रमाणपत्र. त्यासाठी कोर्टात अर्ज, जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, वकिलाची फी, कोर्ट फी, आणि तारखा. आपल्याकडे आणखी एक वारस दाखला मिळतो, तोही कोर्टातूनच, १८२७ च्या इंग्रजी अमदानीतल्या रेग्युलेशनखाली. हो, १८२७! तेव्हा पेशवाई जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती. तो अजून चालू आहे.

मी त्यांना एवढंच म्हटलं, "आपण जे जे कागद मागताय ते कृपया लेखी द्या." मंडळी, हे वाक्य पाठ करा. रागावून म्हणायचं नाही, शांतपणे म्हणायचं. दुसऱ्या दिवशी लेखी यादी मिळाली आणि त्यात सक्सेशन सर्टिफिकेट नव्हतं! कारण रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना सांगून ठेवलं होतं की नॉमिनी नसला तरी एका ठरावीक रकमेपर्यंत कोर्टाचा कागद मागू नका, आणि ती मर्यादा प्रत्येक बँकेने आपली ठरवावी. त्या बँकेची स्वतःची मर्यादा आमच्या रकमेपेक्षा जास्त होती. तिच्याच वेबसाइटवर ते धोरण होतं. मी त्याची प्रिंट काढून फाईलमध्ये सगळ्यात वर लावली.

पण कोर्ट टळलं तरी यादी छोटी नव्हती. मृत्यूचा दाखला. सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. आईच्या नावे पैसे द्यायला माझी आणि भावाची हरकत नाही असं पत्र. आईने लिहून द्यायचा हमीरोखा, म्हणजे इंडेम्निटी बाँड. आणि त्या रकमेएवढी ऐपत असलेले, नात्यात नसलेले दोन जामीनदार.

एकेक कागदाची एकेक गोष्ट आहे. सगळ्या सांगत नाही, तीनच सांगते.

पहिली, नावाची. पासबुकावर बाबांची नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. आधार कार्डावर पूर्ण नाव. आणि मृत्यूच्या दाखल्यावर हॉस्पिटलने लिहून दिलेलं, वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलेलं तिसरंच नाव. बँकेच्या लेखी ही तीन माणसं झाली. ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. दाखल्यातली दुरुस्ती महापालिकेतून करून आणावी लागली, त्यात सहा आठवडे गेले. म्हणून सांगते, हॉस्पिटलमध्ये नाव लिहून घेतात तेव्हा घरातल्या कुणीतरी, शेजाऱ्याने का होईना, आधार कार्ड समोर धरून ते नाव लिहून घ्यावं. त्या क्षणी घरच्यांना शुद्ध नसते. शेजाऱ्याला असते.

दुसरी, भावाची. तो न्यू जर्सीला असतो. त्याचं ना-हरकत पत्र न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून हवं होतं. त्याने रजा काढून ते केलं, पाठवलं. इथे आल्यावर कळलं की मसुद्यात एका ठेवीचा नंबर राहिला आहे, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. त्यात दोन महिने गेले. ज्यांची मुलं परदेशात आहेत, आणि आपल्या सोसायटीत अशी घरं बरीच आहेत, त्यांनी ध्यानात ठेवा. तुमच्या नॉमिनेशनची गरज तुमच्या शेजाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

याच वेळी एक गृहस्थ मला म्हणाले, "मुलीची सही ठीक आहे, पण मुलगा इथे नाही म्हणजे अडचणच." मी त्यांना नम्रपणे सांगितलं की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या स्वतःच्या कमाईत आई, भाऊ आणि मी, तिघांचा वाटा सारखा आहे. आजी हयात असती तर तिचाही असता. गेलेल्या माणसाची आई ही पहिल्या वर्गातली वारस असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. यादी करताना तिला विसरू नका.

तिसरी गोष्ट जामीनदारांची. ही सांगण्यासाठीच खरं तर मी आज उभी आहे.

नऊ लाख चाळीस हजारांना जामीन राहायचं. म्हणजे उद्या काही दावा निघाला तर बँक त्या माणसाकडे जाणार. नातेवाईक चालणार नाहीत. त्याने आपली आयकराची विवरणपत्रं, आपल्या ठेवींचे कागद बँकेला दाखवायचे. सांगा, कुणाला विचारायचं? मी आठ दिवस विचारच करत होते. शेवटी आईच बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकांना जिन्यात सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला काका पिशवी घेऊन दारात हजर. पिशवीत तीन वर्षांची विवरणपत्रं, पॅन कार्ड, दोन फोटो. म्हणाले, "वहिनी, दुसरा जामीनदार पण आणलाय." मागे सी विंगमधल्या मावशी, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आपल्या ठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स आणल्या होत्या.

बँकेत अधिकाऱ्याने फॉर्म भरताना काकांना विचारलं, "मयत तुमचे कोण?"

"शेजारी."

"नातं काय?"

"तेच. शेजारी."

त्या अधिकाऱ्याने वर बघितलं, जरा हसला आणि रकान्यात लिहिलं, "शेजारी, २१ वर्षे."

मंडळी, मला त्या दिवशी कळलं की आपण मेंटेनन्स भरतो, पाण्याच्या टाकीवरून भांडतो, पार्किंगवरून पत्रं लिहितो, त्या सगळ्याखाली काय जमा होत असतं. माझ्या आईला तिच्या नवऱ्याची बायको म्हणून ओळखणारं बँकेच्या संगणकात कुणी नव्हतं. ते या सोसायटीत होतं. दोघांची नावं मी मुद्दाम घेत नाही, त्यांना आवडणार नाही. दोघंही समोर बसलेत, एक जण खाली बघतोय.

एवढं होऊनही फाईल लगेच सुटली नाही. रक्कम शाखेच्या अधिकाराबाहेरची म्हणून ती विभागीय कार्यालयात गेली. तिथून एक शंका काढून परत आली. मधे मॅनेजरची बदली झाली. पाचव्या महिन्यात मी विभागीय कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. अर्ज कधी दिला, काय काय दिलं, कोणत्या तारखेला काय उत्तर मिळालं, एवढंच, एका पानात. प्रत्येक कागदाची पोच, शिक्का आणि तारखेसह, माझ्याजवळ होती. दहा दिवसांत फोन आला. तरी भावाचं दुरुस्त पत्र यायचं होतं, ते आल्यावर, आठव्या महिन्यात, पैसे आईच्या खात्यात जमा झाले.

त्या आठ महिन्यांत अनेकांनी सुचवलं, "बाबांचं एटीएम कार्ड आहे ना? पिन माहीत आहे ना? मग काढा हळूहळू." आम्ही काढले नाहीत. माणूस गेला की त्या खात्यातले पैसे सगळ्या वारसांचे होतात. एकाने गुपचूप काढले की उद्या भावाभावांत संशय, आणि बँकेने विचारलं तर उत्तर नाही. शिवाय पेन्शनचं खातं असेल तर मृत्यूनंतर चुकून जमा झालेली पेन्शन बँक परत घेते. म्हणून बँकेला लवकर कळवलेलं बरं. कुणी बाबांचं कुलमुखत्यारपत्र काढून दाखवेल, पण तेही माणसाबरोबर संपतं.

कुटुंब निवृत्तिवेतन मात्र कोषागारातून मार्गी लागलं, कारण पेन्शनच्या कागदांवर आईचं नाव आणि दोघांचा एकत्र फोटो होता. लग्न १९७१ चं, गावाकडचं. नोंदणीचा दाखला कुठला? तो फोटोच पुरावा ठरला. तेव्हा पेन्शनचे मूळ कागद कुठे आहेत, हे आपल्या जोडीदाराला आजच दाखवून ठेवा.

आता चांगली बातमी. आमच्यानंतर नियम बरेच सोपे झाले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत खातेदारांच्या दाव्यांबद्दल सगळ्या बँकांना एकसारखे नियम घालून दिले. ते अमलात आणायला ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. त्यातलं आपल्या कामाचं एवढं. नॉमिनी किंवा 'सर्व्हायव्हर' असेल तर रक्कम कितीही असो, कोर्टाचा कागद किंवा हमीरोखा मागायचा नाही. नॉमिनी नसेल तरी सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत सोपी पद्धत, आणि तिथे तिसऱ्या माणसाचा जामीन मागायचा नाही. काका, मावशी, तुम्ही सुटलात! सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर ठेवीवर बँक दर अधिक ४ टक्के दराने भरपाई, आणि लॉकरच्या बाबतीत दिवसाला ५,००० रुपये.

आणि एक गंमत बघा. त्या सोप्या पद्धतीत वारस कोण कोण, हे सांगायला वारस दाखला नसेल तर एक पर्याय दिलाय. कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या त्रयस्थ व्यक्तीने तसं लिहून द्यायचं. म्हणजे कोण? शेजारीच की!

दुसरा बदल १ नोव्हेंबर २०२५ पासूनचा. आता बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. एकदम चौघांना टक्केवारीने, किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र एकामागून एक एवढाच पर्याय आहे. ज्यांनी नवऱ्याचं किंवा बायकोचं एकच नाव लावलंय आणि तो जोडीदार आता नाही, त्यांचं नॉमिनेशन आज नुसतं कागदावर आहे. या सभागृहात असे किती जण असतील, ते मी हात वर करून विचारणार नाही. घरी जाऊन बघा.

एक गोष्ट मात्र स्वच्छ समजून घ्या, कारण यावरून घरं मोडतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते वारसांच्या वतीने. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ सालीच हे सांगितलं, पुढे बँक ठेवींबद्दलही तेच सांगितलं. आपल्या फ्लॅटचंही तसंच. सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. तेव्हा पैसे चटकन हातात यावेत म्हणून नॉमिनी, आणि ते नक्की कुणाचे व्हावेत यासाठी मृत्युपत्र. दोन्ही लागतात. एक केलं म्हणून दुसरं झालं असं नाही.

आणि काम अडलंच तर? आधी बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून सगळ्यासाठी एकच योजना आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क बुडत नाही. कुठल्या बँकेत काही पडून आहे का, हे शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. नातवंडांना सांगा, ती बसल्या जागी शोधून देतील. आणखी एक, गेलेली व्यक्ती तरुण असेल तर पासबुकात वर्षाला ४३६ किंवा २० रुपयांची कपात दिसते का, तेवढं बघा. त्या पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याच्या रकमा आहेत. पुष्कळ घरांना तो विमा आहे हेच माहीत नसतं.

आता माझी कार्यकारिणीला एक विनंती. रौप्यमहोत्सवात आपण रोषणाई केली, जेवण केलं, ही स्मरणिकाही निघते आहे. एक रविवार या कामाला द्या. टेबलं मांडू, बँकांचे नॉमिनेशन फॉर्म आणून ठेवू, झेरॉक्सची सोय करू. सोसायटीच्या नॉमिनेशन रजिस्टरमध्ये कुणाची नोंद आहे, कुणाची नाही, तेही त्याच दिवशी तपासू. फॉर्म भरायला मी बसते. गणिताच्या बाईंच्या हातून रकाना सुटणार नाही, एवढी खात्री देते.

आणि घरोघरी एक फाईल करा. खाती कुठे, ठेवी कुठे, लॉकर कुठे, विमा कोणता, पेन्शनचे कागद कुठे, मृत्युपत्र कुणाकडे. पिन आणि पासवर्ड त्यात लिहू नका. फाईल कुठे आहे हे घरात दोघांना माहीत हवं. बाबांची दुधाची वही आम्हाला पहिल्या दिवशी सापडली. मुदत ठेवीची एक पावती तिसऱ्या आठवड्यात सापडली, देवघराच्या खणात, आरतीच्या पुस्तकात.

तिन्ही खात्यांच्या गणिताचं उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या खात्यात दोन नावं होती, दुसऱ्यात एक सही होती, तिसऱ्यात दोन्ही नव्हतं. नॉमिनीची सही करायला जिवंतपणी दहा मिनिटं लागतात आणि पैसा एक लागत नाही. ती नसली की मागच्यांना आठ महिने धावावं लागतं, आणि ते आठ महिने दुःखाचे असतात. त्या काळात माणसाला रडायला, आठवणी काढायला, नुसतं गप्प बसायला वेळ हवा असतो. आमचा तो वेळ नोटरीच्या रांगेत गेला.

तेव्हा आज घरी गेल्यावर पासबुक काढा. पहिल्या पानावर आणि ठेवीच्या पावतीवर नॉमिनेशनची नोंद आहे का ते बघा. असेल तर ती व्यक्ती हयात आहे ना, नाव बरोबर आहे ना, ते बघा. नसेल तर उद्या बँक दहाला उघडते. एकट्याने जायला कंटाळा येत असेल तर शेजाऱ्याला बरोबर घ्या.